छाया विट्यावरून सरकली तेव्हा

२२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्गच्या किनाऱ्यावर उतरली आणि कऱ्हाड-विटा परिसरावरून सोलापूर जिल्ह्यातील जेऊरकडे सरकत गेली. विटा तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. विजयदुर्गावर इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर, तर जेऊरला अमेरिकेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला दुर्बिणी रोखून सज्ज होते.

पण प्रभामंडलाच्या सर्वांत लांब किरणाचे छायाचित्र घेतले ते विदर्भातील तळणी येथे, हौशी निरीक्षकांसह आलेल्या ॲनी माँडर यांनी. तेही अवघ्या दीड इंची भिंगाने. आकाश केवळ राजाश्रित वेधशाळांचे नव्हे, याचा तो पुरावाच होय.

१९१२ साली पुण्याची वेधशाळा बंद झाली. मोठी दुर्बीण कोडाईकनालला गेली. ती उणीव अखेर नागरिकांनीच भरून काढली. २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. पुढे हॅले धूमकेतूच्या १९८५-८६ मधील आगमनाच्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ उभे राहिले. वांगणी येथील त्याच्या रात्रभराच्या आकाशदर्शनाने अनेकांना प्रथमच शनीची कडी दाखविली.

या संस्थांनी दुर्बीण तज्ज्ञांच्या तंबूतून काढून सामान्यांच्या हाती दिली. आपणही आरंभ करू शकतो. विट्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १७ अंशांवर, म्हणजे लांब धरलेल्या हाताच्या पावणेदोन मुठींवर दिसतो. मुलांना अंगणात नेऊन तो एकदा मोजून दाखवावा.