इंग्लिश इलेक्ट्रिक कॅनबेरा

इंग्लिश इलेक्ट्रिक कॅनबेरा हे दोन जेट इंजिनांचे, मध्यम वर्गातील ब्रिटिश बॉम्बफेकी विमान होते. भारताने १९५७ मध्ये त्याची मागणी नोंदवली आणि ११ मे २००७ रोजी आग्रा येथे ते निवृत्त केले. गोवामुक्तीच्या वेळी दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते पुण्याहून उडालेल्या याच विमानांनी.

रचना

दुसऱ्या महायुद्धातील मॉस्किटो या विमानाची जागा घेण्यासाठी डब्ल्यू. ई. डब्ल्यू. पेटर यांच्या मार्गदर्शनाखाली कॅनबेराचा आराखडा तयार झाला. मूळ कल्पना मॉस्किटोचीच होती: बचावाच्या तोफांचे ओझे न वाहता वेग आणि उंची यांच्या बळावर शत्रूला चुकवावे. पहिले उड्डाण १३ मे १९४९ रोजी झाले. पहिला परदेशी ग्राहक ऑस्ट्रेलिया. म्हणून विमानाला त्या देशाच्या राजधानीचे नाव मिळाले.

समकालीन जेट विमानांचे पंख मागे वळलेले असत. कॅनबेराचे मात्र जवळजवळ सरळ आणि विलक्षण रुंद होते. सुमारे ८९ चौरस मीटर क्षेत्रफळाच्या या पंखांमुळे विरळ हवेतही पुरेशी उचल मिळे व विमान सहज वळे. रोल्स-रॉइस एव्हॉन इंजिने पंखांमध्ये, धडापासून अंतरावर बसवलेली होती. त्यामुळे धड बॉम्ब व इंधनासाठी मोकळे राहिले; परंतु उड्डाण घेताना एक इंजिन बंद पडले तर विमान एकीकडे जोराने ओढले जाई, आणि कमी वेगात त्याला सावरणे फार अवघड असे.

भारताने ५४ बॉम्बफेकी, ८ छायाचित्रण करणारी व ६ प्रशिक्षण विमाने मागवली. बॉम्बफेकी प्रकारात वैमानिक डाव्या बाजूच्या काचेच्या घुमटीखाली, तर दिशादर्शक नाकाच्या भागात असे. बाहेर फेकणारे आसन फक्त वैमानिकाला होते. दिशादर्शकाला दारातून उडी घ्यावी लागे आणि कमी उंचीवर तेवढा अवधी क्वचितच मिळे. ही या रचनेतील सर्वांत गंभीर उणीव म्हणावी लागेल.

कामगिरी

बॉम्बफेकी प्रकाराचा कमाल वेग ताशी सुमारे ९३० किमी, उंचीची मर्यादा सुमारे १४,६०० मीटर आणि बॉम्बभार सुमारे ३,६०० किलो होता. जमिनीवरील लक्ष्यांसाठी पोटाखाली २० मिमीच्या चार तोफा बसवता येत.

१८ डिसेंबर १९६१ रोजी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली १२ कॅनबेरांनी दाभोळीवर ६३,००० पौंड स्फोटके टाकली. विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या आठ विमानांनी दुसरा हल्ला केला. विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही असा आदेश होता आणि तो पाळला गेला. मात्र त्याच रात्री तेथील दोन प्रवासी विमाने खड्डे पडलेल्या धावपट्टीवरून उडून कराचीला निसटली. गोव्यात पोर्तुगीजांची लढाऊ विमाने नव्हती. त्यामुळे या मोहिमेवरून कॅनबेराच्या बचावक्षमतेविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

१९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडे बी-५७ विमाने होती. तीही कॅनबेराचीच अमेरिकेत बनलेली आवृत्ती. एकाच आराखड्याची विमाने दोन्ही बाजूंनी लढली.

उंचीचे कवच फार काळ टिकले नाही. १० एप्रिल १९५९ रोजीच पाकिस्तानच्या सेबर विमानाने रावळपिंडीजवळ एक भारतीय छायाचित्रण कॅनबेरा पाडले होते. तरीही टेहळणीसाठी त्याचा उपयोग होत राहिला. मे १९९९ मध्ये कारगिल भागात अशाच एका विमानाच्या इंजिनाला क्षेपणास्त्र लागले. उरलेल्या एका इंजिनावर ते श्रीनगरला सुखरूप उतरले.