प्रोसीजर टर्न

प्रोसीजर टर्न म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे धावपट्टीकडे उतरताना, म्हणजेच इन्स्ट्रुमेंट अ‍ॅप्रोच करताना, विमानाने दिशा उलट करण्यासाठी घ्यावयाचे विहित वळण होय. हे वळण केव्हा बंधनकारक व केव्हा वर्ज्य, याविषयीचे अमेरिकेतील नियम या लेखात दिले आहेत.

आवश्यकता

विमानतळाकडे येणारे विमान नेहमीच धावपट्टीच्या दिशेने येते असे नाही. विरुद्ध बाजूने रेडिओ केंद्रावर पोहोचलेल्या विमानाला आधी धावपट्टीपासून दूर जाऊन, मग वळून अंतिम मार्गावर यावे लागते. याच अवधीत उंचीही कमी करता येते. ढगांमुळे डोंगर दिसत नसतात. म्हणून चार्टवर नेमून दिलेली हद्द व किमान उंची पाळली, तरच अडथळ्यांपासून सुरक्षित अंतर राहते.

प्रकार

* ४५ अंशांचे वळण : विमान दूर जाणाऱ्या मार्गापासून ४५ अंश वळते, सुमारे एक मिनिट सरळ जाते आणि उलट बाजूस १८० अंश वळून परतते.
* ८०-२६० अंशांचे वळण : ८० अंश वळताच विमान उलट बाजूस २६० अंश वळते.
* थेंबाच्या आकाराचे वळण.
* होल्डिंग : दोन समांतर बाजू व दोन अर्धवर्तुळे असलेला फेरा.

चार्टवर केवळ ४५ अंशांची खूण असल्यास वळणाची पद्धत वैमानिक निवडू शकतो. मात्र दाखवलेली बाजू व अंतर (सामान्यतः १० सागरी मैल) पाळावे लागते. वेग २०० नॉटपेक्षा अधिक नसावा. थेंबाकृती वळण व होल्डिंग चार्टवर दाखवल्याप्रमाणेच करावे लागते.

बंधनकारक केव्हा

चार्टवर वळण दाखवलेले असल्यास ते करणे आवश्यक असते. विमान आधीच अंतिम मार्गाच्या रेषेत आले आहे, एवढ्याच कारणावरून वैमानिकाला ते स्वतःहून टाळता येत नाही.

वर्ज्य केव्हा

पुढील परिस्थितीत नियंत्रकाच्या परवानगीवाचून हे वळण घेता येत नाही :

* नियंत्रक रडारच्या साहाय्याने विमानाला अंतिम मार्गावर आणत असल्यास
* होल्डिंगमधून ठरलेल्या वेळी निघून अ‍ॅप्रोच करावयाचा असल्यास
* चार्टवर त्या मार्गासाठी ‘नो पीटी’ असे लिहिलेले असल्यास

नियंत्रकाने ‘स्ट्रेट-इन’, म्हणजे सरळ येण्याची परवानगी दिली असल्यासही वळण घ्यावयाचे नसते. अनपेक्षित वळणामुळे मागून येणाऱ्या विमानाशी अंतर धोकादायकरीत्या कमी होऊ शकते. परवानगीचा अर्थ संदिग्ध वाटल्यास वैमानिकाने तत्काळ नियंत्रकाकडे विचारणा करावी, असा नियम आहे.

१९७४ चा अपघात

अशा संदिग्धतेचे गंभीर परिणाम १ डिसेंबर १९७४ रोजी दिसून आले. वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येणारे ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे उड्डाण ५१४ व्हर्जिनियातील माउंट वेदर या डोंगरावर आदळले आणि विमानातील सर्व ९२ जण मृत्युमुखी पडले. या प्रसंगी प्रश्न वळणाचा नव्हता, तर परवानगीच्या अर्थाचा होता. अ‍ॅप्रोचची परवानगी मिळताच विमान १,८०० फुटांपर्यंत उतरू लागले; परंतु ती उंची मार्गाच्या पुढील टप्प्यासाठी होती. त्यानंतर नियम स्पष्ट करण्यात आला : रडारच्या मार्गदर्शनाखाली किंवा चार्टवर नसलेल्या मार्गावर असताना परवानगी मिळाली, तरी चार्टवरील मार्गावर येईपर्यंत शेवटी नेमून दिलेली उंची सोडू नये. वळण न घेता थेट येणाऱ्या विमानांनाही हाच नियम लागू होतो.