1857 मधला गॅप इयर : वरसईच्या विष्णुभटांचा प्लॅन

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना मध्ये मध्ये येणारे ‘अं’ आणि ‘म्हणजे ना’ काढून टाकलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

गेले काही महिने आमच्या बीटेकच्या ग्रुपवर एकच विषय चालू आहे, वर्किंग हॉलिडे. म्हणजे बारा महिने परदेशात राहायचं, मिळेल ते काम करायचं, त्या पैशात तोच देश फिरायचा आणि परत यायचं. ऑस्ट्रेलियानं ही योजना 1975 मध्ये सुरू केली. सुरुवातीला ती ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडाच्या पोरांसाठी होती. आपल्याला त्यात जागा मिळायला 2024 उजाडलं. वर्षाला हजार जागा, त्याही लॉटरीनं. वय 18 ते 30, पदवी किंवा निदान दोन वर्षांचं उच्च शिक्षण, कामापुरतं इंग्रजी, आणि खात्यात साधारण पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलर. सोबत अवलंबून मूल नको. ब्रिटनची योजना 2023 पासून आहे. तिथं वर्षाला तीन हजार जागा, मुक्काम दोन वर्षांपर्यंत, खात्यात 2,530 पौंड सलग 28 दिवस पडून असले पाहिजेत, आणि लॉटरी तिथंही आहेच.

मी 29 चा आहे. त्यामुळे हे माझ्यासाठी नुसतं रील बघणं राहिलेलं नाही. माझी एक्सेल शीट तयार आहे.

आम्ही हिंगोली जिल्ह्यातले, घरची हळदीची शेती. ऑस्ट्रेलियात पहिल्या वर्षानंतर दुसरं वर्ष हवं असेल तर तीन महिने ठरावीक भागात ठरावीक काम करावं लागतं, आणि त्यात शेतातली तोडणी येते. हे मी आईला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, “घरची हळद काढायला मजूर लावतोस आन् तिकडं जाऊन दुसऱ्याचे आंबे तोडणार व्हय?” यावर माझ्या शीटमध्ये कॉलम नव्हता. बाबा काहीच बोलले नाहीत. बहिणीच्या लग्नाचं कर्ज अजून दोन वर्षं चालणार आहे, आणि त्याचा हप्ता माझ्या पगारातून जातो. बाबा गप्प का बसले ते मला कळतंय.

नातेवाइकांचं एक ठरलेलं वाक्य असतं, “हे गोऱ्यांचे चोचले, आपल्याकडं असं कुणी करत नव्हतं.” माझी मात्र हे वाक्य आलं की इतिहासात शोधाशोध सुरू होते. लांब जाणारे आपल्याकडं होतेच. आमच्या जिल्ह्यातलं नरसी हे नामदेव महाराजांचं जन्मगाव मानलं जातं. ते थेट पंजाबात गेले, घुमानला राहिले, आणि त्यांची पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. 2015 चं मराठी साहित्य संमेलन म्हणूनच घुमानला भरलं होतं. पण नामदेव महाराज काही कमवायला गेले नव्हते. घरून परवानगी काढून, खर्चाचा हिशोब मांडून, वाटेत काम करत देश बघत परत आलेला माणूस मला हवा होता. तो सापडला रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातल्या वरसईला.

विष्णुभट गोडसे. जन्म 1827 चा. घरातून निघाले 1857 मध्ये, म्हणजे तिशीत. व्हिसाच्या वयाच्या अटीत कसेबसे बसले असते.

घरची परिस्थिती अगदी ओळखीची आहे. भिक्षुकीचं घर, शिक्षण झालेलं, अंगात विद्या आहे, पण बाजारात तिला भाव नाही आणि डोक्यावर देणं आहे. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पेशवाईत पुण्याला श्रावणात विद्वानांना दक्षिणा वाटली जायची, लांबलांबचे ब्राह्मण तिथं यायचे. 1818 ला पेशवाई संपली. इंग्रजांनी दक्षिणा एकदम तोडली नाही, पण ती हळूहळू आटवली, आणि पुढं त्यातला पैसा शाळा-पाठशाळांकडं आणि मराठी पुस्तकांच्या बक्षिसांकडं वळवला. धोरण म्हणून मला ते पटतंसुद्धा. पण ज्यानं लहानपणापासून तीच एक विद्या घोकली त्याच्या दृष्टीनं ही आख्खी इंडस्ट्री बंद पडणं होतं. कोडिंग शिकून बसलेल्या पोरांना हे आजकाल वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग काम होतं कुठं? उत्तरेत. ग्वाल्हेरला शिंदे, इंदूरला होळकर, धारला पवार, झाशीला नेवाळकर. मराठी राज्यकर्ते, त्यांच्याभोवती मराठी कारकून, मराठी पुजारी, मराठी आचारी. मेलबर्नला उतरल्यावर आधी ज्या मराठी घरांचा नंबर आपण शोधतो, तसंच हे जाळं. कोकणातला माणूस त्या मुलखाला ‘हिंदुस्थान’ म्हणायचा, जणू आपण राहतो तो वेगळा देश. भाषा वेगळी, पाणी वेगळं, अंतर हजार किलोमीटरच्या वर, आणि ते चालत. मुंबईची रेल्वे तेव्हा जेमतेम बोरघाटाच्या पायथ्याशी पोचली होती. तेव्हा विष्णुभटांसाठी हा परदेशच होता असं मी म्हटलं तर फार ताणलंय असं वाटत नाही.

आणि तिकडून बातमी आली. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख नावाचा मोठा यज्ञ करणार, त्यात लाखो रुपये खर्च होणार, ब्राह्मणांना मोठी दक्षिणा मिळणार. विष्णुभटांनी प्लॅन केला: जायचं, यज्ञात काम करायचं, तीर्थं बघायची, पैसे घेऊन परत यायचं, देणं फेडायचं. कमाई आणि फिरणं एकाच प्रवासात. वर्किंग हॉलिडेची याहून चांगली व्याख्या मला इमिग्रेशनच्या वेबसाइटवरही सापडली नाही.

परवानगी मात्र सहज मिळाली नाही. आईवडील म्हातारे, घरात बायको, आणि पोरगं निघालंय चालत हिंदुस्थानात. शेवटी काका रामभट बरोबर जायला तयार झाले आणि गाडी पुढं सरकली. एकट्याला सोडायचं नाही, घरातलं मोठं माणूस सोबत द्यायचं, हा तोडगा आपल्या घरांत अजून चालतो.

आता तारीख बघा. 1857 चा उन्हाळा! चुलते-पुतणे सातपुडा ओलांडून महूच्या आसपास पोचतात आणि उठाव होणार असल्याचं शिपायांच्या तोंडूनच कळतं. माझी शीट जिथं ‘आकस्मिक खर्च’ म्हणून दहा टक्के धरते, तिथं यांच्या वाट्याला आख्खं सत्तावन्न आलं. परत फिरावं की पुढं जावं? ते पुढं गेले. यात धाडस होतं, पण त्याहून जास्त हिशोब होता असं मला वाटतं. रिकाम्या हातानं वरसईला परतणं म्हणजे देणं तसंच, वर प्रवासाचा खर्च. उज्जैन, धार, ग्वाल्हेर असं करत जिथं दानधर्म असेल तिथं ते थांबत गेले. मथुरेचा यज्ञ राहिलाच. ज्या एका बातमीवर सगळा प्लॅन उभा होता तीच गळून पडली, आणि माणूस मात्र घरापासून शेकडो कोस लांब उभा.

मग झाशी. तिथं ओळखीच्या दक्षिणी माणसांकडं आसरा मिळाला, राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयानं चाललेल्या धर्मकृत्यांत काम मिळालं, चार पैसे गाठीला लागले. आणि 1858 च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजची फौज शहराला येऊन भिडली.

इथं हिंगोलीवाल्यांनी जरा लक्ष द्या. रोजच्या सैन्यात हैदराबाद कंटिंजंटचं दळ होतं. निजामाच्या पैशावर पोसलेलं, पण हुकूम इंग्रज अफसरांचा असं हे सैन्य, आणि त्याच्या मोठ्या छावण्यांपैकी एक होती आमची हिंगोली. 1903 मध्ये कंटिंजंट मोडेपर्यंत ती राहिली. म्हणजे आमच्या मुलखात तळ असलेल्या फौजेचे लोक झाशीच्या भिंतीबाहेर होते आणि कोकणातला एक भिक्षुक भिंतीच्या आत. दोघंही घरापासून लांब, दोघंही पोटासाठी. शाळेत आम्हाला झाशी शिकवली, हे नाही सांगितलं.

एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं. राणी रात्री किल्ल्यातून निसटल्या. नंतरच्या दिवसांतली घराघरातली कत्तल आणि लूट विष्णुभटांनी लपून बसून पाहिली, आणि साठवलेलं सगळं त्यात गेलं. त्या काळी पैसे गावी पाठवायला हुंडी असायची, सावकाराकडं भरायचे आणि दुसऱ्या गावच्या पेढीवर मिळायचे. पण त्यासाठी दोन्हीकडची पेढी उघडी लागते. शहरच लुटलं जातंय तिथं हुंडी कोण लिहिणार? पुढं काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना पुन्हा राणी भेटल्या. पठाणी वेष, अंगभर धूळ, तहानलेल्या. विष्णुभट पाणी काढायला पुढं झाले, तर त्यांना थांबवून राणींनी स्वतःच काढलं आणि ओंजळीनं प्यायल्या. जून 1858 मध्ये ग्वाल्हेरजवळ त्या लढताना पडल्या.

माणूस इथून सरळ घरी गेला असेल असं आपल्याला वाटतं. नाही! चित्रकूट, प्रयाग, काशी, अयोध्या, हे सगळं राहिलेलं बघून, आईवडिलांसाठी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन ते परत निघाले. निघाल्यापासून अडीच-तीन वर्षांनी वरसईला पोचले. ज्या रकमेसाठी गेले होते ती हातात नव्हती. त्या पाण्यानं आईवडिलांना आंघोळ घातली.

माझ्या बॉसच्या भाषेत याला फेल्ड प्रोजेक्ट म्हणतील. मला ते मान्य नाही, पण उलट टोकाला जाऊन “अनुभव हीच खरी कमाई” हेही मी म्हणणार नाही. ते वाक्य ज्याच्या घरी हप्ता नाही त्यालाच परवडतं. वरसईत ती तीन वर्षं कुणी काढली? वाट बघणाऱ्यांनी. पत्र नाही, बातमी नाही, आणि येतंय ते फक्त दंग्याचं. माझ्या आईकडं व्हिडिओ कॉल असेल, हा फरक मोठा आहे. पण हप्त्याचा प्रश्न विष्णुभटांना होता तसाच मला आहे. म्हणून शीटमध्ये मी दोन बदल केलेत. बहिणीच्या लग्नाच्या कर्जाचे बारा हप्ते निघण्याआधी वेगळ्या खात्यात टाकायचे, आणि ते जमलं नाही तर लॉटरीत नाव येऊनही जायचं नाही. दुसरं, एकाच ओळखीच्या माणसानं कबूल केलेल्या कामाच्या भरवशावर निघायचं नाही. मथुरेचा यज्ञ डोक्यात ठेवून. हे बाबांना दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “तेरा धर. पोचल्या पोचल्या काम मिळत नसतं.”

आता पुस्तकाबद्दल, कारण कुणीतरी विचारणारच. चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून विष्णुभटांनी 1883 च्या सुमारास हे सगळं आठवून लिहून काढलं, ‘माझा प्रवास’. मधे पंचवीस वर्षं गेलेली, त्यामुळे तारखा काही ठिकाणी डळमळतात, ऐकीव गोष्टीही शिरल्यात. छापायला 1907 उजाडलं, आणि वैद्यांनी ते छापताना बरंच कापलं, भाषाही बदलली. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात गेलं, आणि त्यावरून दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये मूळ मजकूर प्रसिद्ध केला. लायब्ररीत मागाल तेव्हा पोतदारांची प्रत मागा. पहिली दहा पानं जड जातात, वाक्य कुठं संपतं तेच कळत नाही. मोठ्यानं वाचा, मग लागतं.