तळटीप : जेफरसन यांची गव्हर्नरपदी निवड

१. थॉमस जेफरसन १ जून १७७९ रोजी व्हर्जिनियाचे गव्हर्नर झाले, ते जनतेच्या मतांनी नव्हे. १७७६च्या राज्यघटनेने ही निवड विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांकडे सोपवली होती. मुदत एका वर्षाची. सलग तीन वर्षे झाली की पुढची चार वर्षे त्या व्यक्तीला ते पद बंद. राजाने नेमलेल्या गव्हर्नरांचा अनुभव ताजा असल्याने नव्या गव्हर्नरला नकाराधिकार दिला नव्हता आणि कारभार आठ जणांच्या कौन्सिलच्या सल्ल्याने चालवायचा होता. पहिल्या फेरीत जेफरसन यांना ५५, जॉन पेज यांना ३८ आणि थॉमस नेल्सन यांना ३२ मते पडली. स्पष्ट बहुमत कोणालाच नव्हते. दुसऱ्या फेरीत जेफरसन यांनी पेज यांना ६७ विरुद्ध ६१ असे हरवले. पेज त्यांचे कॉलेजपासूनचे जिवलग मित्र, आणि ही मैत्री पुढेही टिकली, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. १७८१च्या ब्रिटिश स्वारीत जेफरसन कमी पडले, असा ठपका ठेवणाऱ्यांनी या पदाचे बांधलेले हातही पाहायला हवेत. तो ठपका मला एकांगी वाटतो. १७८१च्याच जूनमध्ये विधिमंडळाने नेल्सन यांना गव्हर्नर केले. पेज यांची पाळी १८०२ साली आली. गव्हर्नर थेट निवडण्याचा हक्क व्हर्जिनियाच्या मतदारांना, म्हणजे तेव्हा फक्त गोऱ्या पुरुषांना, १८५१च्या राज्यघटनेने मिळाला.