पिवळ्या पानांचा खटला आणि काकांची चुकलेली जाहिरात

गेल्या रविवारी माळा आवरताना जिल्ह्याची जुनी टेलिफोन डिरेक्टरी सापडली. कव्हर गेलेलं, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. रद्दीत टाकणार होतो, पण चाळत बसलो आणि दुपार गेली. त्यात आमच्या काकांच्या दुकानाचं नाव शोधलं. सापडलं नाही, आणि का नाही ते मला चांगलं ठाऊक आहे. चूक माझी होती.

काकांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी भरून द्यायचे. मी तेव्हा नुकताच पत्रकारितेचा डिप्लोमा करून एका दैनिकाचा तालुका वार्ताहर झालो होतो. तालुका वार्ताहर म्हणजे काय, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. बातम्या फुकट पाठवायच्या आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करायच्या, त्यावर कमिशन. त्यामुळे घरात मी ‘जाहिरातीतला जाणकार’ ठरलो होतो.

एके दिवशी दुकानात दोन एजंट येऊन गेले. एक टेलिफोन खात्याच्या डिरेक्टरीतली जाहिरात मागत होता, दुसरा एका खासगी ‘व्यापारी मार्गदर्शिके’ची. काका म्हणाले, “तू पेपरात आहेस ना? मग सांग कुठं द्यायची.” मी खासगीवाल्याचं नाव घेतलं. स्वस्त होती, रंगीत होती, वर गणपतीचं चित्र फुकट. पुस्तक आठ महिने उशिरा आलं आणि जाहिरातीतल्या नंबराचा एक आकडा चुकलेला! तो नंबर निघाला एका प्राथमिक शिक्षकांच्या घरचा. ते बिचारे वर्षभर “दुकान इथं नाही हो, बाजारपेठेत आहे” असं सांगत राहिले. काकांनी दिवाळीला त्यांच्या घरी मिठाईचा पुडा नेऊन दिला. मला मात्र काही बोलले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तर ‘जाहिरात कुठे द्यायची’ हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या मागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात एक खटला आपल्या मुंबईचा आहे आणि त्याचा संबंध तुमच्या-माझ्या बोलण्याच्या हक्काशी आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

सुरुवात अमेरिकेतून. फेब्रुवारी १८७८ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावात जगातली पहिली टेलिफोन डिरेक्टरी निघाली. पुस्तक नव्हतंच ते, एक कागद होता. त्यावर ५० नावं, आणि गंमत म्हणजे नंबर एकाचाही नाही. एक्स्चेंजमधल्या माणसाला नाव सांगायचं, तो जोडून द्यायचा. त्या ५० मध्ये राहती घरं फक्त ११. बाकी डॉक्टर, दातांचे डॉक्टर, दुकानं, कारखाने, मटण-मासळीवाले, घोडागाड्यांचे तबेले, पोलीस, पोस्ट. आणि ही नावं धंद्यानुसार गट करून छापलेली. म्हणजे डिरेक्टरी जन्मली तीच दुकानदारांसाठी. घरच्या माणसांची लांबलचक पांढरी यादी नंतर वाढत गेली.

पिवळ्या पानांची एक गोष्ट सांगतात. १८८३ मध्ये वायोमिंगमधल्या शायेन गावी छापखान्यातला पांढरा कागद संपला, म्हणून पिवळा वापरला आणि तोच रंग पुढे रूढ झाला. १८८६ मध्ये शिकागोच्या रूबेन डोनेली यांनी धंद्यानुसार वर्गवारी केलेली डिरेक्टरी रीतसर धंदा म्हणून काढली. हिशोब सोपा होता. ग्राहकाला पुस्तक फुकट, खर्च जाहिरातदाराचा. आणि पुस्तक उघडणारा माणूस आधीच गरजेत असतो. नळ फुटला म्हणूनच तो ‘प्लंबर’चं पान काढतो. पेपरातली जाहिरात वाटेत भेटते, डिरेक्टरीतली जाहिरात लोक शोधत येतात. फरक इथे आहे.

मग दुकानदारांनी युक्त्या शोधल्या. यादी वर्णानुक्रमे, म्हणून नावाआधी ‘ए’, ‘एए’, ‘एएए’ लावणाऱ्या कंपन्या निघाल्या. आपल्याकडच्या इंग्रजी डिरेक्टऱ्यांतही ‘ए-वन’ नावाची दुकानं उगाच नव्हती! चौकटीच्या जाहिरातींचा तिथला सर्वसाधारण नियम असा की मोठी आधी, लहान नंतर, आणि आकार सारखा असेल तर जुना जाहिरातदार आधी. म्हणून एकदा घेतलेली जागा सोडायला कोणी धजत नसे. एक वर्ष खंड पडला की रांगेत मागे.

आता भारत. २८ जानेवारी १८८२ ला कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाल्याचं जाहीर झालं. कलकत्त्याच्या एक्स्चेंजला ९३ ग्राहक होते. पुढे शंभर वर्षं टेलिफोन ही आपल्याकडे चैनच राहिली. १९९१ मध्ये अख्ख्या देशात सुमारे ५० लाख फोन होते. अर्ज करून वर्षानुवर्षं थांबायचं, खासदाराची चिठ्ठी आणायची. साहजिकच डिरेक्टरी ज्या घरात पोचायची ते घर डॉक्टरांचं, वकिलांचं, अडत्याचं किंवा साहेबांचं. छोट्या दुकानदाराने तिथे जाहिरात देण्याआधी हे पाहायला हवं होतं की आपलं गिऱ्हाईक त्या घरात राहतं का.

मुंबई-दिल्लीचं तसं नव्हतं. तिथे फोन जास्त, धंदा जास्त. १ एप्रिल १९८६ ला महानगर टेलिफोन निगम सुरू झालं. त्याआधी डिरेक्टरी सरकार स्वतः छापायचं. १९८७ पासून निगमने हे काम कंत्राटदाराला दिलं. कंत्राटदाराने पुस्तक छापायचं, वाटायचं, वर निगमला रॉयल्टी द्यायची आणि त्या बदल्यात पिवळ्या पानांतल्या जाहिरातींचा पैसा घ्यायचा. कागदावर सगळ्यांचा फायदा. प्रत्यक्षात ठरल्या वेळी डिरेक्टऱ्या निघेनात. १९९१ मध्ये टेंडर न काढताच नवा पूरक करार झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९३ मध्ये न्यायालयाने तो करार रद्द केला. स्टर्लिंग कॉम्प्युटर्सचा खटला म्हणून सरकारी कंत्राटांच्या कायद्यात तो आजही शिकवला जातो.

इथे दुकानदाराच्या बाजूने विचार करा. डिरेक्टरी एकच, आणि ती वेळेवर निघत नाही. दुसरीकडे जायचं तर दुसरी नाही. एका दुकानातच मीठ मिळत असेल तर मिठाचा भाव आणि वजन दोन्ही त्याच्या हातात.

याच काळात टाटा प्रेसने मुंबईत स्वतःची ‘टाटा प्रेस यलो पेजेस’ काढली. व्यापारी, कारागीर, व्यावसायिक यांच्या जाहिराती, धंद्यानुसार लावलेल्या. निगम आणि केंद्र सरकार कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं असं की टेलिफोन ग्राहकांची यादी छापण्याचा हक्क आमचाच, टेलिग्राफ नियमांत तसं लिहिलंय आणि ही पिवळी पानं म्हणजे यादीच आहे. मुंबईच्या सिटी सिव्हिल कोर्टाने दावा फेटाळला. हायकोर्टात निगम जिंकलं. टाटा प्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली.

४ ऑगस्ट १९९५ ला निकाल आला. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, ग्राहकांची वर्णानुक्रमे यादी म्हणजे पांढरी पानं परवानगीशिवाय कोणी छापायची नाहीत. पण धंद्यानुसार लावलेला जाहिरातींचा संग्रह म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी नव्हे, तो कोणीही काढू शकतो. दुसरी गोष्ट फार मोठी. व्यापारी जाहिरात हासुद्धा राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) मधल्या भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे. ते स्वातंत्र्य सांगणाऱ्याचं आहे, तसंच ऐकणाऱ्याचंही. कुठे काय मिळतं हे कळण्याचा हक्क ग्राहकाला आहे. मात्र फसव्या, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला हे संरक्षण नाही, हेही न्यायालयाने सांगितलं.

याच न्यायालयाने १९५९ साली हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात औषधांच्या जाहिरातींबाबत वेगळा सूर लावला होता. निव्वळ व्यापारी जाहिरात म्हणजे विचारस्वातंत्र्य नव्हे, असा त्याचा अर्थ काढला जाई. आणि १९६१ मध्ये आपल्या पुण्याच्या ‘सकाळ’ने सरकारशी लढून दुसरा निकाल मिळवला होता. पेपरची किंमत, पानांची संख्या आणि जाहिरातींची जागा सरकारने ठरवायची, असा कायदा होता. तो रद्द झाला. जाहिरात कापली की पेपरची किंमत वाढते, किंमत वाढली की वाचक घटतो, म्हणजे शेवटी बोलण्यावरच गदा येते, हा त्यातला मुद्दा. ‘सकाळ’च्या त्या लढाईनंतर ३४ वर्षांनी पिवळ्या पानांचा निकाल आला. एका डिरेक्टरीच्या धंद्यावरून देशाला हे उत्तर मिळालं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

योगायोग बघा, १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही डिरेक्टरीचाच खटला होता. कॅन्ससमधल्या ‘रूरल’ नावाच्या छोट्या टेलिफोन कंपनीने आपल्या यादीत चार खोटी नावं पेरून ठेवली होती. ‘फाइस्ट’ या प्रकाशकाच्या मोठ्या डिरेक्टरीत ती चारही नावं छापून आली आणि चोरी उघडी पडली. तरी फाइस्ट जिंकला! न्यायालय म्हणालं, नाव-गाव-नंबर ही वस्तुस्थिती आहे. ती गोळा करायला घाम गाळला म्हणून तिच्यावर मालकी सांगता येत नाही. दोघांचं भांडण मुळात होतं पिवळ्या पानांतल्या जाहिरातींसाठी. त्याआधी १९८४ मध्ये एटी अँड टी या टेलिफोनच्या मक्तेदाराचे तुकडे झाले होतेच. गावोगाव दोन-तीन डिरेक्टऱ्या निघू लागल्या आणि दुकानदाराच्या दारात एजंटांची रांग लागली.

मग मक्तेदारी मोडली की दुकानदार सुखी झाला का? अर्धाच. आधी त्याच्याकडे निवड नव्हती. आता निवड होती, पण ती कशी करायची हे सांगणारं कोणी नव्हतं. कोणत्या पुस्तकाच्या किती प्रती खरंच वाटल्या जातात, ते त्याला एजंटच सांगणार. माझ्या काकांचं तेच झालं. सल्ला देणारा मीही कमिशनवरचाच माणूस.

आज विचाराल तर त्या वेळी काकांनी चार प्रश्न विचारायला हवे होते. पुस्तक किती घरांत जातं आणि त्यात माझं गिऱ्हाईक किती? मागचं पुस्तक वेळेवर निघालं होतं का, ते दाखव. माझी जाहिरात कोणत्या मथळ्याखाली येणार, ‘इलेक्ट्रिकल्स’ की ‘मोटर रिवाइंडिंग’? आणि छापण्याआधी प्रूफ मला दाखवणार का? चौथा प्रश्न विचारला असता तर त्या गुरुजींचा वर्षभराचा त्रास वाचला असता.

आणि खरं सांगू? काकांचं गिऱ्हाईक डिरेक्टरीत नव्हतंच. शेतकऱ्याची मोटर जळली की तो ती टेम्पोत टाकून तालुक्याला यायचा. काकांनी नंतर एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर दुकानाचं नाव आणि बाण रंगवून घेतला. पाइपच्या दुकानदारांना सांगून ठेवलं. गिऱ्हाईक आलं की विचारायचे, “कुणी पाठवलं तुम्हाला?” आणि वहीत लिहायचे. जाहिरात लागू पडते की नाही हे तपासायची याहून चांगली रीत मी आजवर पाहिली नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९९६ मध्ये मुंबईत जस्ट डायल सुरू झालं. फोन करा आणि फोनवरच नंबर विचारा. काही वर्षांनी लँडलाइन नंबरांच्या पुढे २ लागला आणि जुन्या डिरेक्टऱ्या एका झटक्यात रद्दी झाल्या. मग मोबाइल आले, त्यांची छापील यादी निघालीच नाही. डोनेलींच्या नावाची अमेरिकन कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. ब्रिटनमध्ये १९६६ साली ब्रायटनमधून सुरू झालेली यलो पेजेस जानेवारी २०१९ मध्ये ब्रायटनमध्येच शेवटची वाटली गेली.

आता दुकानदाराचा तोच प्रश्न फोनच्या पडद्यावर आलाय. फरक एवढाच की डिरेक्टरीचं पान गावातल्या सगळ्यांना एकच दिसायचं, वर्षभर तसंच राहायचं. मोठी चौकट म्हणजे जास्त पैसे, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. पडद्यावरची यादी प्रत्येकाला वेगळी दिसते, रोज बदलते. वरचं नाव पैसे देऊन आलंय की कामाने, हे नीट बघितल्याशिवाय कळत नाही. आमच्या गल्लीतल्या एका एसी दुरुस्तीवाल्याचं नाव शोधलं तर दुसऱ्याच शहरातल्या कॉल सेंटरला फोन लागतो. ते लोक त्याच्याच गल्लीतलं गिऱ्हाईक त्यालाच विकतात. १९८७ ला एक पुस्तक होतं, १९९५ नंतर अनेक पुस्तकांची मुभा मिळाली, आणि आता पुन्हा दोन-तीन दारांतूनच आत जावं लागतंय. मक्तेदारी मोडायला त्या वेळी कोर्टात जाता आलं, कारण समोर एक निगम होतं आणि एक छापील नियम होता. आज नियम कोणता हेच दुकानदाराला कोणी दाखवत नाही.

यात माझाही स्वार्थ आहे, लपवत नाही. दुकानदाराचे जे पाचशे-हजार रुपये पूर्वी तालुक्याच्या साप्ताहिकात यायचे, त्यावर नगरपालिकेच्या टेंडरची बातमी छापली जायची. ते पैसे आता परदेशातल्या कंपनीला जातात. टेंडर मात्र इथेच निघतात.

म्हणून दोन विनंत्या. दुकान असेल तर काकांसारखी वही ठेवा. “कुणी पाठवलं?” हे विचारा आणि मगच पुढचा रुपया खर्च करा. आणि घरात १९८०-९० च्या काळातली जिल्ह्याची डिरेक्टरी असेल तर रद्दीत देऊ नका. त्या काळात गावात कोणते धंदे होते, किती बुडाले, किती टिकले, याची तेवढी एकच छापील नोंद अनेक गावांत उरली आहे. पिवळ्या पानांचे फोटो काढून खाली टाका, फक्त घरांच्या नंबरांची पानं नकोत.

काका आता नाहीत. भिंतीवरचा बाण अजून आहे, पुसट झालाय. गेल्या महिन्यात एक म्हातारे शेतकरी त्या बाणावरून दुकान शोधत आले होते.