नोंद कुणासाठी ठेवायची? महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा धडा

संशोधनाचा डेटा कसा जपावा, असा विषय निघाला की आपण संगणकापासून सुरुवात करतो. मी मात्र तुम्हाला १९१९ सालच्या पुण्यात नेणार आहे.

त्या वर्षी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं काम सुरू झालं. शारदा, बंगाली, तेलुगू, मल्याळम अशा अनेक लिप्यांतली बाराशेहून अधिक हस्तलिखितं या कामात तपासली गेली. प्रतींमध्ये पाठभेद ढीगभर. संपादक मोठे विद्वान होते. योग्य वाटला तो पाठ छापून मोकळे होऊ शकले असते. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेल्या विष्णु सीताराम सुखटणकरांनी तसं केलं नाही. प्रत्येक प्रतीला खूण आणि क्रमांक दिला. स्वीकारलेला पाठ वर, नाकारलेले पाठ त्याच पानावर खाली, कोणत्या प्रतीत काय आहे त्यासह. खात्री नसेल तिथे शब्दांखाली नागमोडी रेघ. आणि गाळलेला मजकूरही फेकला नाही. गणपती लेखनिक झाला ती आपली लाडकी कथा आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे. बघायची असेल त्याने बघावी.

आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झालं. सुखटणकर १९४३ मध्ये गेले. तरी काम पुढे चाललं, १९६६ मध्ये तडीस गेलं. कारण पद्धत त्यांच्या डोक्यात नव्हती, कागदावर होती. आज ज्याला त्यांचा निर्णय पटत नाही, तो त्यांच्याच नोंदी वापरून त्यांच्याशी भांडू शकतो. पुनर्वापर म्हणतात तो हाच.

आता माझं सांगतो. पीएचडीच्या वेळी मी दोन ट्रंका भरतील इतकी कार्डं लिहिली. परवा एका विद्यार्थिनीने त्यातलं एक कार्ड दाखवून विचारलं, "सर, 'दु. प्र.' म्हणजे काय?" दुसरी प्रत, हे मी सांगितलं. पण कुठली दुसरी, कुठल्या संग्रहातली? आठवेना. त्या कार्डावर प्रबंधातलं अख्खं प्रकरण उभं आहे, आणि पुरावा म्हणून उरलाय फक्त माझा शब्द. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे शोभत नाही.

तेव्हा कार्ड असो की फाईल, चार गोष्टी लिहा: कुठून घेतलं, कधी, कुणी, आणि खात्री किती. स्वतःसाठी नव्हे, आपल्याला ओळखत नसलेल्या माणसासाठी.

मी सध्या ती कार्डं पुन्हा लावतो आहे. मूळ सापडलं तर पत्ता लिहितो. नाही सापडलं, तर खाली नागमोडी रेघ ओढतो.