कामरेजच्या दप्तरांतील पूर्वज

आपल्या पूर्वजांचा मागोवा घेऊ इच्छिणारा मनुष्य प्रथम नावाचा आधार धरतो आणि बहुधा तेथेच अडखळतो. कारण पूर्वज ज्या घरी दत्तक गेला, ज्या हुद्द्यावर बसला आणि ज्या कारकुनाच्या कलमाखाली आला, त्या त्या मानाने त्याचे नाव जुन्या दप्तरांत पालटत गेलेले असते. ह्याची प्रचीती ज्याला घ्यावयाची असेल त्याने सुरतेच्या ईशान्येस तापीकाठी वसलेल्या कामरेजकडे वळावे. आज महामार्गावरील वर्दळीच्या चार रस्त्यामुळे ठाऊक असलेले हे गाव चालुक्यांच्या ताम्रपटांत ‘कार्मणेय’ म्हणून येते, ऐन-इ-अकबरीत सुरत सरकारच्या महालांत त्याची गणना होते, मराठ्यांच्या काळी ते सुरत अठ्ठाविशीत, म्हणजे सुरतेकडील अठ्ठावीस परगण्यांच्या मुलखात, मोडते आणि पुढे १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई इलाख्यात विलीन होईपर्यंत ते गायकवाडांच्या नवसारी प्रांतात राहते. इतक्या राजवटींची दप्तरे ज्या मुलखावरून गेली, तेथील माणसांची नावे अबाधित राहिली असती तरच नवल होते.

ह्या मुलखातील अत्यंत जुन्या वंशावळी राजघराण्याच्या आहेत, आणि नामांतराचा घोळ त्यांच्यातच पहिल्याने दिसतो. चालुक्य युवराज श्र्याश्रय शीलादित्य ह्याचा सुरत येथे मिळालेला ताम्रपट कलचुरी संवत् ४४३ चा, म्हणजे इ. स. ६९२ च्या सुमाराचा असून, त्यात कार्मणेय आहारातील, म्हणजे त्या नावाच्या प्रशासकीय विभागातील, ओसुंभला ह्या गावी दिलेल्या भूमिदानाचा उल्लेख आहे. हे गाव म्हणजे कामरेजच्या दक्षिणेचे उंभेळ होय, असे अभ्यासकांनी ठरविले आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांनी कलचुरी संवताच्या लेखांचा जो बृहद् ग्रंथ १९५५ साली सिद्ध केला, त्यात ह्या घराण्याचे त्या संवताचे ताम्रपट एकत्र वाचावयास मिळतात. ह्या घराण्यातील राजपुरुषांची नावे पाहिली म्हणजे वाचक क्षणभर गोंधळतो. शीलादित्याचा पिता एके ठिकाणी जयसिंहवर्मा, तर दुसऱ्या ठिकाणी धराश्रय. शीलादित्याचा भाऊ मंगलरस हाच जयाश्रय, आणि शक ६५३ च्या बलसाडच्या ताम्रपटात तोच विनयादित्य व युद्धमल्ल. त्यांच्यानंतर आलेल्या अवनिजनाश्रय पुलकेशीने कलचुरी संवत् ४९० मध्ये कार्मणेय आहारातील पद्रक ह्या गावाचे दान दिले. परंतु त्याच्या नवसारीच्या ताम्रपटात कुलाची परंपरा सांगताना जयसिंहानंतर थेट मंगलरस येतो आणि शीलादित्याचे नावच गळते. तो युवराज असतानाच वारला असावा आणि गादीवर न बसलेल्या पुरुषास वंशावळीत स्थान देण्याचे प्रयोजन उरले नसावे, असे अनुमान त्यावरून निघते. त्याचा स्वतःचा दानपत्र-लेख भूमीतून वर आला नसता, तर त्या राजपुत्राचे अस्तित्वही आपणांस कळले नसते. वंशावळ ही लिहिणाऱ्याच्या प्रयोजनाने लिहिलेली असते, हा शोधकाने पहिल्याच पायरीवर ध्यानात ठेवावयाचा नियम तेराशे वर्षांमागच्या ह्या कामरेजनेच आपल्या हाती दिला आहे.

मराठी अमलात ह्या घोळास निराळे वळण लागले. पिलाजी गायकवाडाने १७१९ च्या सुमारास सोनगड हस्तगत करून सुरत अठ्ठाविशीवर आपला पगडा बसविला, आणि त्याच्या मागोमाग देशावरची शिलेदार, कारकून, उपाध्ये व सावकार ह्यांची घराणी गुजराथेत उतरली. ह्या लोकांच्या लेखनव्यवहारात हुद्दा, पदवी आणि घरातले लाडके संबोधन ही कुलनामावर सहज मात करीत. पुण्याच्या दरबारातील बाळाजी जनार्दन भानू हे साऱ्या महाराष्ट्रास नाना फडणवीस म्हणूनच परिचित झाले. १८१५ साली पंढरपुरी ज्यांचा खून झाला ते बडोद्याचे मुत्सद्दी गंगाधरशास्त्री हे कुळाने पटवर्धन असूनही कागदोपत्री बहुधा नुसते ‘शास्त्री’च राहिले. इकडे अठ्ठाविशीतील अनाविल ब्राह्मणांच्या घराण्यांत देसाईगिरीचा वतनी हक्क ज्याच्याकडे त्याने देसाई म्हणवून घ्यावे, अशी रीत असल्यामुळे, एकाच वंशवृक्षाची एक शाखा देसाई आणि दुसरी नाईक झालेली पाहून नवशिक्याने ती दोन घराणी मानण्याची घाई करू नये. तेथे आडनाव बाजूस ठेवून वतनाची वाटणी तपासावी, म्हणजे भाऊबंदकीचे धागे आपोआप उलगडतात.

कालगणनेच्या भेदामुळेही एका माणसाची दोन माणसे होतात. मराठी सरकारी कागदावर सुहूर सन अरबी शब्दांत लिहीत. ‘खमस सबैन मया व अलफ’ असा सन आढळला, तर त्याचा अर्थ अकराशे पंचाहत्तर. मृग नक्षत्रापासून सुरू होणारे हे वर्ष १७७४ च्या जूनपासून पुढच्या जूनपर्यंतचे. त्याच प्रसंगाची नोंद उपाध्याच्या वहीत शक १६९६ अशी असेल आणि गुजराथी वाण्याच्या चोपडीत कार्तिकी संवत् १८३० किंवा १८३१ असेल. त्यात मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्दही एकमेकांस लगटून येतात. सरदारांच्या घराण्यांत तर आजोबाचे नाव नातवास ठेवण्याच्या प्रघातामुळे दमाजीचा पिलाजी आणि पिलाजीचा पुन्हा दमाजी अशी माळ तयार होते. अशा वेळी नुसते ‘दमाजी’ एवढे वाचून भागत नाही. ‘बिन’ ह्या शब्दापुढे बापाचे नाव कोणते आहे आणि सन कोणता आहे, हे दोन्ही जुळल्यावाचून कागद पुढे जाऊ देऊ नये.

परंतु ‘बिन’ हा शब्ददेखील निरपवाद नाही. दत्तविधानाने तो एका दिवसात पालटतो. बडोद्याच्या गादीवरून मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर त्यांच्या आधीच्या खंडेराव महाराजांच्या विधवा महाराणी जमनाबाई ह्यांनी दत्तक घेण्याचे ठरविले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे नांदत असलेल्या गायकवाडांच्या धाकट्या शाखेची वंशावळ तपासली गेली आणि काशीरावांचा पुत्र गोपाळराव निवडला गेला. १८६३ साली जन्मलेला हा मुलगा २७ मे १८७५ रोजी सयाजीराव खंडेराव गायकवाड झाला. एका बारा वर्षांच्या मुलाचे नाव, बापाचे नाव आणि वारसा अशा तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या. त्यामुळे कवळाण्याच्या कागदांत गोपाळराव शोधणाऱ्यास तो १८७५ नंतर सापडणार नाही, आणि बडोद्याच्या दप्तरात सयाजीराव शोधणाऱ्यास त्याचे बालपण सापडणार नाही. राजघराण्यात घडलेली ही गोष्ट जगप्रसिद्ध म्हणून आपणांस ठाऊक आहे. सामान्य कुटुंबांत असे कित्येक गोपाळराव दुसऱ्या घरच्या पिंडाचे अधिकारी होऊन जन्मदात्या घराच्या स्मृतीतून निघून गेले आहेत.

स्त्रियांच्या बाबतीत तर दप्तरांनी अधिकच निष्ठुरता दाखविली. सयाजीरावांची प्रथम पत्नी तंजावरच्या मोहित्यांची लक्ष्मीबाई. १८८० साली विवाह होऊन त्या चिमणाबाई झाल्या आणि १८८५ साली निवर्तल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई महाराजांशी विवाहबद्ध झाल्या, आणि त्याही चिमणाबाईच झाल्या. दोन माहेरे, दोन जन्मनावे, दोन आयुष्ये, आणि राजवाड्यातील नाव मात्र एक! राण्यांच्या बाबतीत हा उलगडा इतिहासाने करून ठेवला आहे. परंतु सामान्य घरातील आजीपणजीचे माहेरचे नाव शोधावयाचे तर सातबाऱ्याच्या वारसनोंदीपेक्षा तिच्या भावाच्या घरचे कागद, लग्नातील आहेराची यादी आणि तीर्थोपाध्यायाची नामावळी ह्यांच्याकडेच जावे लागते. मातृकुळाचा हा शोध निरर्थक कुतूहल नव्हे. आपल्या रक्तातील अर्धा वाटा आपण विसरलो आहोत ह्याची ती जाणीव आहे.

कामरेजच्या परिसरातील माणसे समुद्रापार गेली, तेव्हा नामांतराने तिसरे रूप घेतले. तापीपलीकडील कठोर येथील आणि रांदेरचे सुन्नी व्होरा व्यापारी रीयुनियन बेटावर स्थायिक झाले. तेथील फ्रेंच नोंदींत ओमरजीसारखी व्यक्तिनावे आदरार्थी ‘जी’सह पिढ्यान्‌पिढ्यांची आडनावे बनली. सुरत-नवसारीकडून न्यूझीलंडला गेलेल्या गुजराथी कुटुंबांत भाणा, छीबा, मकन ही मूळची माणसांची नावे आता कुलनामे झाली आहेत. परदेशी अधिकाऱ्याने विचारले तेव्हा समोरच्याने आपले नाव आणि बापाचे नाव सांगितले, आणि बापाच्या नावास आडनावाची जागा मिळाली. अशा कुटुंबातील पणतू आज मूळ गाव शोधीत आला, तर त्याने ते आडनाव गावात शोधू नये. त्या नावाचा पुरुष कोणत्या वर्षी, कोणत्या फळियातून, म्हणजे आळीतून, गेला आणि त्याच्या भावांच्या नावे कोणते शेत राहिले, हे विचारावे. पाटीदारांच्या घरी वहीवंचा बारोट ज्या पिढ्या वाचून दाखवितो, त्यांतही आधार नात्याचाच असतो.

म्हणून वंशशोधकास माझे सांगणे असे की, नावाच्या मागे धावू नये. जमीन, हक्क आणि नाते ह्यांच्या मागे जावे. शेताची चतुःसीमा पालटण्यास पिढ्या लागतात, वतनाची वाटणी भावकीवाचून होत नाही, आणि श्राद्धाच्या संकल्पातील पिता, पितामह व प्रपितामह ही त्रयी कोणत्याही कारकुनाच्या लहरीवर अवलंबून नसते. जेथे नाव बदललेले दिसेल तेथे निराश न होता ते का बदलले, हे विचारावे. कारण दत्तक, विवाह, हुद्दा अथवा स्थलांतर ह्यांपैकी एक महत्त्वाची घटना त्या बदलापाशी घडलेली असते, आणि जे नाव कधीच बदलले नाही त्यापेक्षा बदललेले नाव पूर्वजाच्या आयुष्याविषयी अधिक सांगून जाते. आपल्या घरची वंशावळ जो आज लिहावयास घेईल, त्याने प्रत्येक व्यक्तीची सर्व नावे, स्त्रियांची माहेरची नावे आणि दत्तकाचे जन्मदाते घर एकाच पानावर नोंदवावे. एवढे कर्तव्य आपण पार पाडले, तर आपल्या मागून येणाऱ्यांस आपला शोध घेताना हे कष्ट पडणार नाहीत.